सोडून दिलेल्याची किंमत

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात दरवर्षी एका शब्दावरून गंमत होते. एक गोष्ट निवडली की दुसरी सोडावी लागते, आणि जी सोडली तिची किंमत हाच निवडलेल्या गोष्टीचा खरा खर्च. मराठी पुस्तकं याला 'संधी-खर्च' म्हणतात, कन्नड पुस्तकं 'अवकाश वेच्च'. आता कन्नडात अवकाश म्हणजे संधी आणि मराठीत अवकाश म्हणजे सवड. त्यामुळे घरी मराठी बोलणारी आणि शाळेत कन्नड शिकलेली आपली मुलं हमखास विचारतात, "सर, सवडीला कसला आलाय खर्च?" मी म्हणतो, बाबांनो, चुकून का होईना, बरोबर विचारलंत.

गेल्या वर्षी याच तासाला एका मुलीला विचारलं, तुझा कॉलेजला येण्याचा खर्च किती? ती म्हणाली, "शून्य, सर. तिकीट दाखवू?" 2023 च्या 11 जूनपासून कर्नाटकातल्या रहिवासी स्त्रियांना सरकारी साध्या बसने राज्याच्या आत फुकट प्रवास आहे, आणि कंडक्टर खरोखरच शून्य रुपयाचं तिकीट फाडून देतो. मग आम्ही फळ्यावर मांडायला घेतलं. येण्या-जाण्याचे अडीच तास. सोयाबीन काढणीच्या दिवसांत बुडणारी मजुरी. ही घरी नसते म्हणून धाकट्याला सांभाळायला आईने सोडलेलं दुपारचं काम. शून्याच्या तिकिटाखाली चांगलीच बेरीज निघाली. मुलगी जरा कावरीबावरी झाली. तिला म्हटलं, कॉलेज सोडावं म्हणून हा हिशेब नाही. तुझी आई रोज काय सोडते ते तुला ठाऊक असावं म्हणून आहे.

शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. ऊस लावला की रान वर्षभर अडकतं. तेवढ्यात मूग-उडीद निघाला असता आणि मागून हरभरा किंवा ज्वारी आली असती, हे तो बोटांवर सांगतो. उसाचा भाव ऐकताना ही न घेतलेली पिकं तो मनात वजा करत असतो.

इथवर कुणाची हरकत नसते. हिशेब शेतातून उचलून घरात आणला की मात्र माणसं बिचकतात. "नात्यात कुठं हिशेब बघतात का?" हे वाक्य मी आजवर इतक्यांदा ऐकलं आहे, आणि इतक्या चांगल्या माणसांच्या तोंडून, की त्याला नुसतं हसून बाजूला सारणं मला पटत नाही. लग्न, मुलंबाळं, घरकाम यांनाही अर्थशास्त्राची फूटपट्टी लावणाऱ्या गॅरी बेकर यांना 1992 साली नोबेल मिळालं, पण माणुसकीचा बाजार मांडला म्हणून टीकाही पुष्कळ झाली. ती टीका अगदीच पोकळ नव्हती. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या 10 पाळणाघरांचा एक अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. मुलाला न्यायला उशिरा येणाऱ्या आईबापांना काही पाळणाघरांनी दंड लावून पाहिला. उशीर कमी होईल ही अपेक्षा. झालं उलटंच, उशिरा येणारे जवळपास दुप्पट झाले. आधी बाईंना ताटकळत ठेवायची लाज वाटत होती, आता पैसे भरले की लाज फिटली. पुढं दंड बंद केला तरी ती लाज परत आली नाही. तेव्हा किंमत लावल्याने काही गोष्टी नासतात, हे अर्थशास्त्रालाच मोजून सापडलेलं आहे.

पण मंडळी, आपल्याकडे नात्यात हिशेब नसतो हे कितपत खरं आहे? आपल्या भागातल्या कुठल्याही लग्नाच्या मांडवात जा. एका कोपऱ्यात सतरंजीवर वही घेऊन एक चष्मेवाले काका बसलेले असतात. कुणी 201 दिले, कुणी 501, कुणी भांडं, कुणी पोशाख. गावासह, नावासह सगळं टिपलं जातं. मराठी घरांत तो आहेर, कन्नड घरांत मुय्यी. वही माळ्यावर जपून ठेवतात. पुढं त्या घरी कार्य निघालं की वही खाली येते, पान उघडतं आणि 501 च्या जागी किमान 501, जमलं तर थोडे वर, असं ठरतं. ही बिनव्याजी भिशीच आहे. ज्याच्या घरी कार्य त्याला एकरकमी उचल, आणि मग वर्षानुवर्षं फेड. बँक जेव्हा आपल्यासारख्याला दारात उभी करत नव्हती, तेव्हा या वह्यांनी कितीक मुलींची लग्नं पार पाडली. वही आहे म्हणून कुणी नातं तोडलेलं मी पाहिलेलं नाही. उलट वहीत नाव नसलं की माणसं रुसतात.

म्हणजे हिशेब आपण ठेवतो, चोख ठेवतो. फक्त एका गोष्टीची नोंद कुठल्याच वहीत सापडत नाही, आणि आजचा खरा विषय तोच आहे. बहिणीने माहेरच्या जमिनीवरचा हक्क सोडला, ती सोडलेली जमीन.

हक्कसोडपत्र, कन्नडात हक्कु बिडुगडे पत्र. वडील गेले, पहाणीवर (पलीकडच्या पाहुण्यांसाठी सांगतो, तुमचा सातबारा) वारसांची नावं चढायची वेळ आली की बहिणीला निरोप जातो. ती येते, सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात बाकावर बसते, अंगठा किंवा सही करते. बाहेर भाऊ तिला चहा पाजतो, साडी घेतो. "मला काय करायचंय जमीन घेऊन, माहेर उघडं राहू दे म्हणजे झालं," हे ती म्हणते आणि सगळ्यांना बरं वाटतं. तिलाही वाटत असेल.

कायदा काय म्हणतो ते एकदा नीट सांगून टाकतो, कारण याबाबत दोन्ही भाषांतल्या घरांत सारखाच गोंधळ आहे. हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने आणि कर्नाटकाने 1994 सालीच केली होती. पण त्याआधी लग्न झालेल्या मुली तिच्यातून वगळल्या होत्या. 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झालेल्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. तरीही त्या तारखेला बाप हयात हवा की नको, यावर कोर्टांत वाद चालू राहिले. 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात तोही प्रश्न मिटवला. हक्क जन्माने आहे, बाप तेव्हा हयात असो वा नसो. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेली वाटणी मात्र उकरता येत नाही. तेव्हा "मुलींना कुठं असतो वाटा" असं म्हणणाऱ्याला आता कायद्याचा आधार नाही. उरतो तो रिवाज, आणि रिवाज चालतो तो बहिणीच्या सहीने.

आता याच सहीला वर्गातला तो शब्द लावून बघू. समजा वाटा तीन एकर आहे आणि मक्त्याने दिली तर एकराला वर्षाला 15,000 रुपये येतात. म्हणजे सही करणारी बाई दरसाल 45,000 सोडते. बदल्यात पंचमीला साडी-चोळी, दिवाळीला ओवाळणी, चार दिवस राहणं, नातवंडांना कपडे. हात सैल सोडून धरलं तरी 7,000. उरले 38,000. हे ती दरवर्षी कशाचे भरते? मी पुष्कळ विचार केला तेव्हा एकच उत्तर सापडलं. हा विम्याचा हप्ता आहे. सासरी काही बिघडलं, नवरा गेला, कुणी हात उगारला, तर रात्री-अपरात्री जाऊन ठोठावता येईल असं एक दार असावं, म्हणून ती हा हप्ता भरते. त्यात वेडेपणा काही नाही. ज्या बाईला दुसरा आसरा नाही तिने महागातलं का होईना, एक दार राखून ठेवणं शहाणपणाचंच आहे.

गोम अशी की या विम्याची पॉलिसी कागदावर नसते. हक्क सोडल्याचा कागद नोंदणीकृत असतो, माहेर उघडं ठेवण्याचा कागद कुणी लिहून देत नाही. भाऊ आहे तोवर ठीक. भावानंतर भाचा, त्याची बायको, त्यांचं पुण्या-हैदराबादचं बिऱ्हाड. तेव्हा हा विमा कुणाच्या दारात मागायचा? आणि दुसरं म्हणजे ज्या जमिनीच्या बदल्यात ती आसरा विकत घेते, ती जमीन हाच मुळात आसरा होता.

हे नुसतं माझं तर्कट समजू नका. बीना अगरवाल या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी स्त्रिया आणि शेतजमीन या विषयावर आयुष्य घालवलं; 1994 साली त्यांचा मोठा ग्रंथ आला, आणि 2005 च्या दुरुस्तीसाठी झालेल्या मोहिमेतही त्या पुढं होत्या. प्रदीप पांडा यांच्यासोबत त्यांनी केरळच्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात सुमारे 500 विवाहित बायकांचा अभ्यास केला. ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं, अशांपैकी 49 टक्के बायकांनी नवऱ्याचा मार खाल्लेला होता. फक्त जमीन नावावर असलेल्यांत हे प्रमाण 18 टक्के, फक्त घर असलेल्यांत 10 टक्के आणि दोन्ही असलेल्यांत 7 टक्के. केरळ म्हणजे बीदर नव्हे, मान्य. पण 49 आणि 7 यांतलं अंतर एवढं आहे की त्यावर एक रात्र तरी झोप उडावी. बाईला निघून जायला जागा आहे हे ठाऊक असलं की बहुधा निघून जायची वेळच कमी येते.

भावांची बाजूही ऐकली पाहिजे. मीही भाऊच आहे. "तिच्या लग्नाला खर्च केला, तोच तिचा वाटा" हे सगळ्यात नेहमीचं. पण मांडवाचा, जेवणावळीचा खर्च तिच्या नावावर जमा होत नाही; आणि 1961 पासून कायद्याने बंदी असलेला हुंडा दिला असेल तर तो सासऱ्याच्या खिशात गेला. शिवाय मुलाच्या शिक्षणाला, नोकरीसाठी केलेल्या खटपटीला जो खर्च झाला तो त्याच्या वाट्यातून कुणी वजा केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. "जमीन आम्ही कसली, बोअर आम्ही मारली" यात मात्र तथ्य आहे. कष्टाचा मोबदला धरलाच पाहिजे. फक्त मग सगळ्यांचे कष्ट धरा. सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाचे सरासरी 289 मिनिटं त्यात जातात असं दिसलं, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांचे 88. या कामाला किंमतच नाही असं म्हणायची सोय आता राहिलेली नाही. जमशेदपूरला 1989 मध्ये समारंभात आग लागून बायका-मुलं गेली, त्या भरपाईच्या खटल्यात 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचं मोल महिन्याला 3,000 रुपये धरलं होतं. रक्कम किरकोळच होती, पण शून्य नव्हती.

आता घरचं सांगतो, घरच्यांना विचारूनच. आमची वडिलोपार्जित नऊ एकर. मोठा अण्णा शेती बघतो, मधली अक्का उमरग्याकडे दिलेली, धाकटा मी. आई-वडील दोघंही गेल्यावर वाटणीचा विषय निघाला. अक्का फोनवर नेहमीचंच म्हणाली, "मला काही नको रे, तुम्ही दोघं वाटून घ्या." तिने सही केली असती तर दीड एकर मला मिळाली असती, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना माझा स्वार्थ कुठं आहे ते दिसेल.

ती आली तेव्हा मी कागद घेऊन बसलो. अण्णाने त्याचा आकडा सांगितला. आईच्या दवाखान्याचं बिल, बोअर, पाइपलाइन. सगळं खरं होतं, पावत्या होत्या. मग मी अक्काला विचारलं, आईच्या शेवटच्या आजारपणात तू किती दिवस इथं होतीस? तिने बोटं मोजली. चौदा महिने, मध्ये दोनदा जाऊन आली. त्या दिवसांत तिकडं तिची शिलाईची गिऱ्हाइकं तुटली, ती पुन्हा पूर्ण जुळली नाहीत. दिवस-रात्र बाई ठेवली असती तर काय पडलं असतं, ते वहिनीनेच सांगितलं. तिने चौकशी केलेली होती. कागदावर तो आकडा आला तेव्हा अण्णा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आईचं करायचे पैसे लावतोस?" अक्काच म्हणाली, "पैसे मागत नाही मी, अण्णा. लिहू दे त्याला."

अण्णाने शेवटी लक्कम्माची आठवण काढली. बसवकल्याण आपल्यापासून कितीसं लांब, तिथली गोष्ट आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचायचा, तेच त्याचं कायक. एके दिवशी रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ घेऊन घरी आला. बायको लक्कम्मा म्हणाली, आपल्याला पुरतं त्याहून हे जास्त आहे, ही हाव कुठून आली, जा, जिथून आणलंस तिथं टाकून ये. अण्णाचं म्हणणं, आपल्याकडच्या बायका अशा होत्या, सोडून देणाऱ्या. मला ती गोष्ट फार आवडते, म्हणूनच मी जरा वाद घातला. लक्कम्माने आधी तांदूळ पाहिले. किती लागतात आणि किती आलेत हे तिला नेमकं ठाऊक होतं, तेव्हाच ती जास्तीचे परत पाठवू शकली. आणि जे सोडलं ते गरजेपेक्षा वरचं सोडलं. न बघता, न मोजता, गरजेचंच सोडून देणारी बाई त्या गोष्टीत कुठं आहे?

कागद अक्का घेऊन गेली. पंधरा दिवस तिचा फोन नव्हता. मग आली आणि तिने आपलं सांगितलं. विहिरीकडची दीड एकर तिच्या नावे राहावी. उरलेली दीड अण्णाला, कारण बोअर आणि दवाखाना त्याने केला. माझी तीनची तीन. माझ्या अर्थशास्त्राप्रमाणे तिने अण्णाला जास्तच सोडलं, आणि तसं मी बोललोही. ती म्हणाली, "तुझा कागद वाचूनच सोडतेय. ते मला परवडतं." वाटणीपत्र तसंच नोंदवलं. तिची दीड एकर अण्णानेच मक्त्याने केली आहे.

सगळं गोड झालं असं नाही. दरवर्षी पंचमीला अण्णा स्वतः मुराळी म्हणून उमरग्याला जायचा. वाटणीनंतरच्या पंचमीला गेला नाही. वहिनीचा फोन गेला तेवढाच. अक्का एकटीच बसने आली. अण्णा तिच्याशी पावसाचं बोलला, तुरीचं बोलला, मक्त्याचा पहिला हप्ता हातात ठेवला, साडीही दिली. अक्का रात्री अंगणात बसून थोडं रडली. माहेरची किंमत मी कागदावर 38,000 मांडली होती. अण्णाने न्यायला येणं तिच्यासाठी किती रुपयांचं होतं ते मला मांडता आलं नसतं, आणि तिने ते माझ्याहून नीट धरलेलं असणार. पुढच्या वर्षी तो जाईल असं मला वाटतं. वहिनीलाही वाटतं.

वहिनी भालकी तालुक्यातली. अक्का गेल्यावर ओट्यावर धान्य निवडता निवडता तिने मला हळूच विचारलं, "भावजी, आमच्या तिकडची पहाणी आता कुणाच्या नावावर आहे ते कसं बघायचं हो?" मी म्हटलं, सर्व्हे नंबर सांगा, नाडकचेरीत नक्कल मिळेल. सर्व्हे नंबर तिला ठाऊक नव्हता. वडिलांनी विहिरीजवळ आंब्याची दोन झाडं लावली होती, ते रान, एवढंच तिला सांगता आलं.